पाकिटात काय होतं?

प्रिय 'साडेआठवाली',

मालिका बंद झाल्याचं तुला वाईट वाटलं आणि नवरा हसला असं लिहिलंयस, म्हणून आधीच सांगते: मी हसले नाही.

तू पुण्यात, आई कुडाळला एकटी. दोघी आपापल्या घरी आठची मालिका बघायचात आणि साडेआठला फोन. दोन वर्षं हे चाललं. मग मालिका संध्याकाळी सहाला ढकलली. तेव्हा तू ऑफिसात, म्हणून रात्री ॲपवर बघू लागलीस. आणि एका शनिवारी अख्खं कुटुंब सत्यनारायणाला बसवून वाहिनीनं मालिकेचा गाशा गुंडाळला. मालिकेतल्या सासऱ्यांनी माळ्यावर लपवलेलं पाकीट कुणी उघडलंच नाही. आता आई विचारते 'जेवलीस?', तू म्हणतेस 'हो', आणि फोन संपतो. वाहिनीला पत्र लिहू का, असं विचारतेस.

लिही की. पण आशा बेताची ठेव. टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क'चे मीटर देशभरात साधारण 55 हजार घरांत आहेत, आणि टीव्हीची घरं वीस कोटींच्या वर. त्या मोजक्या घरांत टीव्ही लावला की प्रत्येकानं रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं, त्यावरून आकडे निघतात. आई त्यात नसणारच, आणि तुझं ॲपवरचं बघणं टीव्हीच्या त्या आकड्यांत धरतच नाहीत. गुरुवारी आकडे येतात, ते घसरत गेले की आधी वेळ बदलते, मग सत्यनारायण. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका प्रेक्षकांच्या पत्रांच्या ढिगाऱ्यामुळे 1968 साली वाचली होती खरी, पण पुढच्याच वर्षी बंद पडली.

आमच्या वेळी दूरदर्शनवर तेरा भाग मंजूर व्हायचे, म्हणजे निरोपाची तारीख आधीच ठाऊक. नंतर 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग! मालिकेत पाणी घातलं की आपणच बोटं मोडतो आणि बंद झाली की आपणच हळहळतो. मी दोन्ही केलंय.

पण तुझं दुखणं मालिकेचं नाही गं. आईला स्वतःबद्दल बोलायची सवय नाही, तिच्या पिढीत अनेकींना नसते. तू लिहिलंयस, नायिका माहेरी गेली त्या दिवशी आई म्हणाली, 'एकटीनं जेवण नको होतं तिला.' ते नायिकेबद्दल होतं, असं तुला खरंच वाटतं? मालिकेच्या आडून ती आपलं सांगत होती. तो आडोसा गेलाय.

म्हणून लगेच दुसरी मालिका लावू नकोस. आईवर 'तू कशी आहेस, खरं सांग' असा प्रश्नही टाकू नकोस, ती 'बरी आहे' म्हणून मोकळी होईल. फोन साडेआठलाच कर. पहिल्या दिवशी दोघी मिळून लेखकाला मनसोक्त शिव्या घाला. 'मेल्यांनी बंदच केली' हे तिचं वाक्य मला फार आवडलं. मग विचार, 'आई, तुला काय वाटतं, त्या पाकिटात काय असेल?' आणि गप्प बस. घाई करू नकोस, तिला रंगवून सांगू दे. उद्याचा भाग उद्या.

नवऱ्याचं म्हणशील, तर मॅच पावसानं वाहून गेली की त्याचं तोंड बघ.

आणि हो, आईनं पाकीट उघडलं की मलाही कळव.

तुझी,
ताई