‘सोबत : नकाशा’ लिहिलंय ना, मग नकाशा कुठे आहे ते आधी विचारा

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली. भारतनेटचा (ग्रामपंचायतींपर्यंत फायबरने इंटरनेट नेण्याच्या सरकारी योजनेचा) डबा भिंतीला टांगलेला, त्यावर लाल दिवा, केंद्रचालक मुलगा स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर दाखले काढतोय, अर्धं गाव म्हणतं टॉवर आणा, अर्धं म्हणतं आणलात तर उपोषणाला बसू. आणि ठेकेदाराचा माणूस म्हणतोय, ‘दुरुस्ती होतेय, सोमवारी येतो, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी तेवढा सही-शिक्का तयार ठेवा.’ बाकीचं नंतर बघू. मी लिहायला बसलोय तो त्या सोमवारच्या सहीपायी.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात २०१७ ते २०२२ सदस्य होतो, त्यातली तीन वर्षं उपसरपंच. सात वाड्या, मधे सडा (कातळाचं उघडं पठार) आणि दोन पऱ्हे (ओढे). गावाचं नाव लिहीत नाही, फायबरचं काम बघणाऱ्या कार्यालयाचंही नाही. तिथली माणसं बदलून गेलीत आणि त्यातली एक-दोन खरंच बरी होती. मी वकील नाही, इंजिनिअर नाही, धंदा आंब्याचा. तेव्हा मी सांगतो ते नियम म्हणून नाही, ठेच म्हणून घ्या. तक्रार कुठल्या नंबरवर नोंदवायची, डबा बंद-चालू कसा करायचा, हे इथे बाकीचे सांगतीलच.

आमच्याकडे सरकारी योजनेची फायबर आली २०१९ च्या पावसात. १५ ऑगस्टला ग्रामसभा होती, त्याच दिवशी जोडणी सुरू करू असं ठरलं. दोन पोरं मोटारसायकलवरून आली, डबा लावला, हिरवे दिवे लागले, लॅपटॉपवर एक सरकारी संकेतस्थळ उघडून दाखवलं. नारळ फोडला, फोटो काढला. मग त्यातल्या एकाने पिशवीतून तीन प्रती काढल्या. वर लिहिलेलं ‘काम पूर्ण झाल्याचा व साहित्य सुस्थितीत ताब्यात मिळाल्याचा दाखला’. सरपंच मॅडम म्हणाल्या, भाऊसाहेबांना (ग्रामसेवकांना) वाचू दे. भाऊसाहेब झेंडावंदनाच्या चहापाण्यात. मी म्हटलं, अहो नेट चालू आहे ना डोळ्यांसमोर, करा सही, पोरांना पावसातून परत जायचंय. मीच म्हटलं. ते वाक्य मला अजून आठवतं.

तिन्ही प्रती ती पोरं घेऊन गेली. आमच्याकडे एकही राहिली नाही.

त्या वर्षीचे गणपती झक्कास गेले. चाकरमानी ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून मुंबईच्या ऑफिसची कामं करत होते आणि आम्ही छाती काढून फिरत होतो. दसरा झाला, आणि आठवड्याभरात दिवा लाल. तो पुढे चौदा महिने लालच राहिला. त्यातले आठ-नऊ महिने कोरोनाचे. शाळा मोबाइलवर, आणि मोबाइलला रेंज सड्यावरच्या एका कातळावर. जूनच्या पावसात पोरं छत्री धरून तिथे बसायची. खाली ग्रामपंचायतीत सरकारने दिलेली फायबर भिंतीला शोभेला.

आता कार्यालयाची गंमत. तक्रार केली की नंबर मिळायचा आणि संध्याकाळपर्यंत ‘निराकरण झाले’ असा शेरा पडून ती बंद व्हायची. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मी रत्नागिरीला गेलो. तिथल्या साहेबांनी पडद्यावर दाखवलं : तक्रार बंद होण्याचं कारण, ‘ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही’. संपर्काचा नंबर कोणाचा? आधीच्या भाऊसाहेबांचा, जे बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले. दाखल्यावर तोच नंबर लिहिलेला. म्हटलं आता माझा घ्या. घेतला. पुढची तक्रार पुन्हा त्याच कारणाने बंद, कारण माझ्या घरात रेंज नाही. नेट नाही म्हणून तक्रार करायची, आणि फोन लागला नाही म्हणून ती बंद व्हायची. यावर हसावं की डोकं आपटावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण खरा घाव पुढे. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला तेव्हा साहेबांनी फाइल काढली आणि आमचाच दाखला माझ्यासमोर ठेवला. सरपंचांची सही, गोल शिक्का. खालून दुसऱ्या ओळीत छापलेलं, की ग्रामपंचायत हद्दीतील केबलचा मार्ग ग्रामपंचायतीला दाखवण्यात आला असून तिच्या सुरक्षिततेसाठी ग्रामपंचायत दक्षता घेईल. आणि तळाला : ‘सोबत : केबल मार्गाचा नकाशा’. मी विचारलं, नकाशा कुठे आहे? ते म्हणाले, तुम्हाला मिळाला म्हणून तुम्हीच सही केलीत की. त्यांच्या फाइलमध्येही नकाशा नव्हता. कोणाकडेच नव्हता, पण कागदावर तो होता, आणि कागदच खरा.

दोष सापडला कसा, ते सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या गावात जोडणीचं काम करायला एक लाइनमन आला होता. त्याला दुपारचं जेवायला घालून इकडे आणला. त्याच्याकडे हातात मावेल एवढा पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधला प्रकाश मोजायचं यंत्र. डब्यात प्रकाश शून्य. मग तो रस्त्याने चालत निघाला, रस्त्याखालच्या मोरीपाशी थांबला आणि म्हणाला, इथे माती नवी दिसते. उकरलं. केबल कापलेली, दोन्ही टोकं एकत्र धरून वर प्लंबरची टेप गुंडाळलेली आणि पुन्हा बुजवलेली! प्लंबरची टेप कुठून आली, ते आमच्यातल्या सगळ्यांना एकदमच कळलं. दसऱ्यानंतर पाऊस ओसरल्यावर नळपाण्याच्या पाइपसाठी जेसीबी लावला होता. आमच्याच ग्रामपंचायतीने. चालकाला खाली काय आहे माहीत नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीपासून ते ठिकाण तीनशे मीटरवर. दुरुस्तीला लागला पाऊण तास.

चौदा महिने आम्ही त्या कार्यालयाच्या नावाने शिमगा केला आणि तोडलं आम्हीच होतं. पण मीटर घेऊन एक माणूस एकदा चालत आला असता तर ते पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, यावरही मी ठाम आहे. त्यांना माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

म्हणून सोमवारी काय करा. तो कागद पुढे करील तेव्हा मजकूर वाचाच, पण सुरुवात तळापासून करा. ‘सोबत’ म्हणून जे जे लिहिलंय ते टेबलावर ठेवायला सांगा. नकाशा नसेल तर सही नाही. नकाशा म्हणजे गुगलच्या चित्रावर ओढलेली लाल रेघ नव्हे. तालुक्याकडून केबल कुठल्या रस्त्याने येते, कुठे जमिनीखाली आणि किती खोल, कुठे खांबावर, जोड कुठल्या मोरीपाशी, एवढं त्यात हवं. ‘ऑफिसला आहे, पाठवतो’ म्हणाला तर ‘पाठवा, मग सही’. शक्य असेल तर त्याच्यासोबत हद्दीपर्यंत चालत जा आणि मोबाइलवर फोटो काढत जा. आमच्या आताच्या पाणी कर्मचाऱ्याला तो मार्ग तोंडपाठ आहे, कुठलाही जेसीबी आधी त्याला विचारतो. खोदण्याआधी कळवण्यासाठी सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप २०२३ पासून आहे, ते तुमच्या रस्त्याच्या आणि पाण्याच्या ठेकेदाराला वापरायला लावा. पण माझा जास्त भरवसा पाणी कर्मचाऱ्यावर.

सहीचा फारच आग्रह झाला, वरून फोन आले, तर सही करा पण वर स्वतःच्या हाताने शेरा लिहा : अमुक तारखेला अमुक वाजता दिवा हिरवा होता, वेग इतका आला, नकाशा मिळालेला नाही, सलग पंधरा दिवस चालल्यावर अंतिम दाखला देऊ. शेरा मारलेला कागद त्यांना आवडत नाही. तिथेच तुम्हाला कळेल की त्यांना काम दाखवायचंय की कागद. एक प्रत त्यांच्या सहीनिशी जागेवर ठेवून घ्या, आवक नोंदवहीत चढवा. आणि संपर्क म्हणून एकाच व्यक्तीचा मोबाइल देऊ नका. ग्रामपंचायतीचा ईमेल द्या आणि रेंजमध्ये राहणाऱ्या दोघांचे नंबर. आमच्याकडे शेवटी एकाच्या चिपळूणला राहणाऱ्या भावाचा नंबर दिला, तेव्हा कुठे तक्रारी उघड्या राहायला लागल्या.

लेखी तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ हे शब्द लिहू नका. स्लोला पुरावा नसतो. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो (आधी ५१२ केबीपीएस होता), तेव्हा आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र वेग मोजून आकडे लिहा. लाल दिवा असेल तेव्हा तर वेगाचा प्रश्नच नाही. प्रकाशच पोचत नाहीये, तसंच लिहा. लाइनमन आला तर मीटरवरचा आकडा विचारून घ्या. तो उणेत असतो (डीबीएममध्ये, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद). उणे २०-२२ असेल तर छान, उणे २७ च्या पलीकडे गेला की डबा मान टाकतो. आणि वाटेत तुमच्या आधी लागणाऱ्या गावात चालू आहे का ते त्यांच्या केंद्रचालकाला विचारा. जुन्या टप्प्यातली जोडणी बऱ्याच ठिकाणी एका रेघेतली आहे, वर कुठे तुटली की खालची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये ही रेघ बदलून कडं करायचं ठरलंय, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू. तुमच्याकडे येणारं काम त्यातलं असेल तर देखभालीची जबाबदारी दहा वर्षं कंत्राटदाराकडे आहे. मग केबलची काळजी ग्रामपंचायतीच्या गळ्यात घालणारी ओळ दाखल्यात आहे का, ते तर दोनदा वाचा.

टॉवरचं. इथे माझं मत अनेकांना पटणार नाही, चालेल. तुमच्या पोस्टखाली एकाने लिहिलंय की लोक अडाणी आहेत, दुर्लक्ष करा. तसं करू नका. आमच्याकडेही किरणांवरून रण पेटलं होतं. सगळ्यात मोठा विरोध व्हॉट्सअॅप ग्रुपवर, बोरिवलीत आणि डोंबिवलीत बसून, फोरजीवरून. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांची भीती खरी होती, तिला उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे, आणि ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर शुल्क भरून टॉवरची मोजणीही मागता येते. हे ग्रामसभेत सांगितलं, तरी विरोध शिल्लक राहिला. मग एका काकांनी बाजूला घेऊन सांगितलं, अरे, किरणांचं काय घेऊन बसलास, टॉवरच्या जागेचं भाडं त्याच्या कलमांच्या बागेला का आणि माझ्या सड्याला का नाही, हे बोल की. जागा गावठाणातली किंवा देवस्थानाची निघते का ते आधी बघा, निम्मा आवाज आपोआप खाली येईल. (देवस्थानाच्या जमिनीचं प्रकरण वेगळंच किचकट आहे, तलाठ्याला विचारल्याशिवाय बोलू नका.) आणि हा विषय ग्रामसभेत घ्यायचा तर गणपतीच्या नाहीतर शिमग्याच्या आसपास घ्या, म्हणजे मुंबईकरांना समोर बसून बोलावं लागेल.

पैशाचं थोडक्यात : वित्त आयोगाचा बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) निधी पाणी-स्वच्छतेचा, त्याला हात लावू नका. अबंधितमधून इंटरनेटचा खर्च बसतो की नाही ते आधी पंचायत समितीत लेखी विचारा, आणि आराखड्यात घातल्याशिवाय एक रुपया टाकू नका. आम्ही न विचारता राउटर घेतला होता, ऑडिटच्या आक्षेपाला दोन वर्षं उत्तरं देत बसलो. तुमच्या जिल्ह्यात वेगळं असू शकेल.

लाइट. तुमच्याकडेही डीपी उडाली की दोन-दोन दिवस जात असतील. डब्याबरोबर आलेल्या बॅटरीवर विसंबू नका, आमची पहिल्याच पावसात फुगली. १२ व्होल्टवर चालणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तेवढ्यावर डबा दोन-चार तास तग धरतो; फक्त डब्याच्या अडॅप्टरवरचे आकडे बघून घ्या. खांबावरून आलेल्या केबलवर माकडं झोके घेतात, ती तक्रार मात्र कुठल्याच पोर्टलच्या यादीत बसत नाही. आम्ही आंब्याची फांदी छाटून ती वाटच बंद केली.

खासगी केबलवाला गावात येतो म्हणतोय असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. येऊ द्या. एकाच वायरीवर गाव ठेवू नये. पण पाखाडी (चिऱ्यांची पायवाट) खोदली तर तशीच्या तशी बसवून देईन हे आधी लिहून घ्या. आमच्या एका पाखाडीचे चिरे अजून वर-खाली आहेत, आणि माझी आई दर वेळी तिथे ठेचकाळली की माझंच नाव घेते.

डब्यावरच्या दिव्यांचा आणि मागच्या स्टिकरचा फोटो असेल तर टाका, बघून सांगतो. आणि दाखल्याचा नमुना आधी मागवून घेता आला तर तोही टाका. रविवारी रात्री मी सड्यावर असेन, तिथे रेंज येते.