लॅप्स झालेला पिन परत मिळवताना: सांगलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये एनएमसीचं, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन होतं, सासूबाईंच्या आजारपणात सांगलीला परत आलात, पिन म्हणजे रजिस्ट्रेशनचा नंबर लॅप्स झाला, मधली काही वर्षं वॉर्डात पाय पडला नाही. आता मुलीला घेऊन परत जायचंय. तर रिटर्न टू प्रॅक्टिसचा, म्हणजे कामावर परतण्याचा, कोर्स करायचा की टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स, म्हणजे एनएमसीची परीक्षा, द्यायची, आणि तयारी इथे सांगलीत विश्रामबागेला बसून होते का? शिवाय तिकडच्या एकटेपणाचं काय?

होते. पण प्रश्न वाचल्यापासून माझं डोकं जरा गरम आहे, ते सांभाळून घ्या. ज्या हातांनी वर्षानुवर्षं शिरा शोधल्या, त्यांना "आता हात धुऊन दाखवा" म्हणणारी ही परीक्षा. तिच्याबद्दल माझ्या मनात अजून नीट काही बसलेलं नाही.

गेल्या तीन वर्षांत ४५० तास किंवा पाच वर्षांत ७५० तास प्रॅक्टिस भरत नसेल, तर तुम्ही म्हणता ते दोनच रस्ते उरतात. कोर्स तिथल्या विद्यापीठातून होतो आणि प्लेसमेंटही तिथल्याच वॉर्डात, म्हणजे आधी तिकडे राहायची सोय हवी. सांगलीहून निघणाऱ्या बाईला टेस्टच परवडते. तिचे दोन भाग: सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, ती पुण्या-मुंबईकडच्या सेंटरला देता येते, आणि ऑस्की म्हणजे हातांची प्रात्यक्षिक परीक्षा, ती तिकडे जाऊन. फी, फॉर्म, व्हिसाचे प्रकार मी लिहीत नाही, ते सगळं एनएमसीच्या साइटवर आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवा की हॉस्पिटलने स्पॉन्सर केलं तर नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत पहिली ऑस्की आणि आठ महिन्यांत रजिस्ट्रेशन व्हावं लागतं. ते १२ आठवडे घर, बँक आणि ड्युटी यातच जातात. हात इथेच तयार करून जा.

आणि कोणी एजंट "प्लेसमेंट"चे पैसे मागायला लागला तर उठून या. यूकेच्या भरतीच्या नियमांत उमेदवाराकडून फी घेताच येत नाही.

सीबीटीचं फार मनावर घेऊ नका. पार्ट ए म्हणजे १५ गणितं, ३० मिनिटं. पार्ट बी म्हणजे १०० प्रश्न, अडीच तास. गणितात पर्याय नसतात, आकडा टाइप करायचा असतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. १००० मिली सलाइन आठ तासांत द्यायचं तर पंपाला ताशी १२५ मिली. तेच मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटने द्यायचं तर १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ४१.६७, अर्थात मिनिटाला ४२ थेंब. बायका चुकतात ते बहुतेक मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमच्या हजारात. रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, महिनाभर. पुरे.

खरं काम ऑस्कीचं. दहा स्टेशन, म्हणजे परीक्षेचे दहा टप्पे, असतात. चार एकाच पेशंटभोवती फिरतात: असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. चार हाताच्या कामाची. दोन नुसती लिहायची, तिथे कोणी तुमच्याशी बोलत नाही. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही, त्यामुळे मनातल्या मनात केलेलं चेकिंग केलंच नाही असं धरतात. आपल्याकडे चाळीस पेशंटच्या वॉर्डात बोलायला वेळ नसतो, हात भराभर चालतात, आणि तीच चांगल्या सिस्टरची ओळख. परीक्षेत तो वेगच नडतो. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मनगटाच्या पट्टीशी ताडून पाहिली, ॲलर्जी विचारली, परवानगी घेतली, हे सगळं तोंडाने, प्रत्येक वेळी, समोर नुसता पुतळा असला तरी. घरी सराव करताना आवाज मोठा ठेवा. शेजारच्यांना वेड लागल्यासारखं वाटलं तर वाटू दे.

असेसमेंटला २० मिनिटं. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय सगळ्यांना असते, आणि तिथेच स्टेशन जातं. मनगट नाडीसाठी धरलेलंच ठेवा आणि नजर छातीवर न्या, म्हणजे पेशंटला कळत नाही आणि श्वास बदलत नाही. थर्मामीटर सेल्सिअसचा घ्या. १०१ म्हटलं की आपल्याला ताप लगेच कळतो, ३८.४ म्हटल्यावर तसाच कळायला हवा.

मग न्यूज २ चा तक्ता, पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजणारा. तो झोपेतून उठवलं तरी यायला हवा. समजा श्वास २२, त्याचे गुण २. ऑक्सिजन साध्या हवेवर ९५ टक्के, त्याचा १. वरचं बीपी १०८, त्याचा १. नाडी १०४, त्याचा १. ताप ३८.४, त्याचा १. शुद्धीत आहे, शून्य. बेरीज ६. म्हणजे डॉक्टरांना तातडीने कळवायचं आणि निरीक्षणं निदान तासाला एकदा. हाच पेशंट ऑक्सिजनवर असता तर आणखी २, बेरीज ८, आणि ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. ऑक्सिजनचे हे २ विसरणाऱ्या फार. एकाच रकान्यात ३ आले तर बेरीज कितीही लहान असो, निरीक्षण तासावर आणायचं हेही विसरतात.

गोळ्यांच्या स्टेशनला चार्टमध्ये सापळे पेरलेले असतात. पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली आणि खाली अमॉक्सिसिलिन, तेही पेनिसिलिनच्याच कुळातलं. पॅरासिटामॉलचा आधीचा डोस दोनच तासांपूर्वी. सही नसलेली ऑर्डर. औषध दिलं नाही तर रकाना कोरा सोडायचा नाही, न दिल्याचा कोड आणि कारण लिहायचं. वेळ २४ तासांच्या घड्याळाची. काळी शाई. खोडायचं तर एकच रेघ आणि शेजारी सही. मायक्रोग्रॅम आणि युनिट हे शब्द पूर्ण लिहायचे, आपल्यासारखं आखूड करून नाही.

हाताच्या कामात इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग, कॅन्युला फ्लश (शिरेतली नळी सलाइनने धुणं), पीक फ्लो (फुंकरीचा जोर मोजणं) असं काहीही येतं. सुईची सवय आधी मोडा. आपण वापरलेली सुई हब कटरमध्ये कापतो आणि सिरिंज लाल डब्यात टाकतो. तिकडे सुईसकट सिरिंज अख्खी शार्प्स बिनमध्ये, तीही बेडजवळच, आणि टोपण परत लावायचं नाही म्हणजे नाहीच. फ्लशच्या वेळी कॅन्युलाचं तोंड अल्कोहोल वाइपने ३० सेकंद घासायचं आणि ३० सेकंद वाळू द्यायचं. हात आपोआप पुढे जातो, त्याला थांबवायला मोठ्याने आकडे मोजा. पीक फ्लो तीनदा फुंकायला लावायचा आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. सीपीआर ३० दाबांना २ श्वास, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि हॉस्पिटलच्या आत मदत मागवायचा फोन २२२२.

बांगड्या, घड्याळ काढायचं, कोपराखाली हात मोकळा. साधी लग्नाची अंगठी चालते. सराव करतानाही बांगड्या काढूनच करा, नाहीतर ऐन वेळी हात धुताना लक्ष तिकडेच जातं.

नापास झालात तर पडलेलीच स्टेशनं पुन्हा द्यायची, आणि सात किंवा कमी असतील तर अर्धी फी. दोन प्रयत्नांत निदान १० दिवस जावे लागतात. तिसऱ्यांदा पडलात तर सहा महिने बसावं लागतं. म्हणून पहिलीत एखादं स्टेशन गेलं तर रडून मोकळ्या व्हा आणि त्याच आठवड्यात पुढची तारीख घ्या.

कागदांचं एकच सांगते, पण ते आपल्याकडच्या बायकांनाच भोवतं. डिप्लोम्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी. ग्रामपंचायतीचा लग्नाचा जुना दाखला मराठीत, हाताने लिहिलेला. त्याचं प्रमाणित भाषांतर आत्ताच करून घ्या. सीबीटीचं बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने, अक्षर न अक्षर तसंच, नाहीतर सेंटरच्या दारातून परत पाठवतात. मुंबईला कौन्सिलमध्ये खेटे घालताना "पुढच्या आठवड्यात या" ऐकायची तयारी ठेवा. लग्न करून नाव बदलणं हा आपला गुन्हा असल्यासारखं वागवतात, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, नाइटनंतरच्या दुपारी जास्त. त्याला औषध नाही. पुढे चला.

मुलीचं मात्र नीट ठरवा. तिकडे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या जन्मतारखांवर इयत्ता ठरते, इथे ती कितवीत होती हे बघत नाहीत. जीसीएसईचे, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेचे, विषय साधारण इयर ९ मध्ये निवडतात आणि १० पासून अभ्यास सुरू होतो. मध्येच इयर १० ला टाकलेलं मूल दोन वर्षं धापा टाकतं. न्यायचं असेल तर त्याआधी न्या, किंवा दहावी इथेच होऊ द्या. आणि इंग्रजी अडखळतंय म्हणून गणितालाही खालच्या सेटला, म्हणजे कच्च्या मुलांच्या गटात, बसवतात. आमच्याकडे तेच झालं. पोराला पाढे तीसपर्यंत येत होते, आणि शाळेने त्याला रंगीत ठोकळे मोजायला दिले. मी त्या शाळेत हात जोडून गप्प बसले, नोकरी नवी होती म्हणून. ते त्याला आठवत नाही म्हणतो, मला आठवतं. तुम्ही गप्प बसू नका. इथली गणिताची वही आणि प्रगतिपुस्तक बरोबर न्या, आणि पहिल्याच टर्ममध्ये सेट बदलण्यासाठी पुन्हा चाचणी घ्या असं लेखी मागा.

सीबीटीची तारीख मिळाली की कळवा. थेंबांची गणितं माझ्याकडे वहीभर आहेत, फोटो काढून पाठवते.