लेदर कोरल मिटलंय? घाबरू नका

प्रवासाहून आलेलं लेदर कोरल (खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ते मऊ प्रवाळ) काही दिवस मिटून बसतंच. त्यावर मेणासारखी चकचकीत साय दिसली तर ते मेलं असं समजू नका. ते जुना थर टाकतंय. त्या काळात त्याला वाहतं पाणी हवं, म्हणजे साय सुटून जाते. मात्र पंपाचा झोत थेट अंगावर नको.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- जागा खाली, उजेड मंद. नंतर हळूहळू वाढवा.
- तापमान २५-२६ अंश, पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५च्या आसपास, स्थिर.
- पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते रोज जागा बदलण्यात. खाणं, औषधं सध्या देऊ नका. मांस गळून कुजका वास आला, तरच लगेच बाहेर काढा.