सोलापुरात विजापूर रोडला लागून दुसऱ्या मजल्यावर घर आहे. मोबाईल ॲप ८५ डेसिबल दाखवतं. हे खरं मानायचं का? आवाज कमी करायला झाडं लावू की खिडक्या बदलू?

आकडा पूर्ण खोटा नसेल, पण तो नेमका कशाचा आहे ते बघायला हवं. ॲपवर नाचणारा आकडा त्या क्षणाचा असतो. एखादा बुलेटवाला खालून गेला की ८५ दिसणारच. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात जी मर्यादा आहे ती सरासरीची: रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. त्यामुळे ॲपमध्ये ‘एलईक्यू’ म्हणजे सरासरी दाखवायची सोय आहे का बघा, ‘ए’ वेटिंग (माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजायची पद्धत) निवडा आणि दर वेळी निदान पंधरा मिनिटं मोजा. फोनचं कव्हर काढा, माइक रस्त्याकडे करा, भिंतीला चिकटून उभे राहू नका, नाहीतर भिंतीवरून परतलेला आवाजही त्यात धरला जातो. उन्हाळ्यातला आपला वारा माइकवर आदळला तर मोजमाप वायाच. कुणाची इंजिनिअरिंग कॉलेजात ओळख असेल तर तिथल्या साउंड लेव्हल मीटरशेजारी फोन ठेवून दोघांतला फरक लिहून घ्या. तेवढ्याने फोन बऱ्यापैकी भरवशाचा होतो.

आता खरा मुद्दा. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. एक, वाहनांची अखंड घरघर. दुसरा, हॉर्न, फाडलेला सायलेन्सर, आपटणारी ट्रॉली. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. समजा घरघर ६० डेसिबल आहे आणि तासाभरात एकेक सेकंदाचे ९० डेसिबलचे ६० हॉर्न वाजले. म्हणजे तासातलं एकच मिनिट. तरी सरासरी ६० वरून थेट ७२ च्या पुढे जाते. उलट, निम्मी वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवली तर घरघर फक्त ३ डेसिबलने उतरते, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. म्हणून बायपासने सगळं शांत होतं असं लोक म्हणतात, त्या बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. जड गाड्या गेल्याने फरक पडतो, नाही असं नाही; पण आपल्याकडे हॉर्न म्हणजे ‘सरक की बे’चा पर्याय झालाय, तो बायपासला जात नाही.

झाडं लावा, सावलीसाठी. आवाजासाठी एका ओळीतल्या अशोकाचा उपयोग जवळजवळ शून्य. चांगला वीस-तीस मीटर रुंद दाट पट्टा असेल तरच थोडेफार डेसिबल कमी होतात, आणि एवढी जागा विजापूर रोडला कोण सोडणार? कंपाउंडची भिंतही तुमच्या कामाची नाही. आवाज अडवायला भिंतीने गाडी आणि कान यांच्यामधली सरळ रेषा तोडावी लागते, ती तळमजल्यावर तुटते, दुसऱ्या मजल्यावर नाही.

खिडकीत मात्र दम आहे. आपल्या स्लायडिंग खिडक्यांत काच वाईट नसते, फटी वाईट असतात. दोन पल्ले एकमेकांवरून सरकतात तिथला झिजलेला ब्रश, खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं, इथूनच सगळा रस्ता आत येतो. रबरी गॅस्केट असलेली, दाबून बंद होणारी उघड-मीट खिडकी आणि लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) घेतलीत तर घरघर चांगलीच उतरते. पण मे महिन्यात सोलापुरात खिडकी बंद ठेवून झोपायचं म्हणजे एसी आला. कूलरला तर खिडकी उघडीच लागते, आणि तो खिडकीत बसवला असेल तर काचेवर खर्च करून उपयोग नाही. खर्च करण्याआधी झोपायची खोली मागच्या बाजूला नेऊन बघा. अख्खी इमारत मध्ये आली की दहा डेसिबलचा फरक सहज पडतो, म्हणजे आवाज कानाला निम्मा वाटतो. फुकटात.

उरले धक्क्याचे आवाज. रात्री गॅलरीत बसून बघा, ते बहुधा एकाच ठिकाणाहून येतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण डुगडुगत होतं, प्रत्येक चाकाला दोनदा ‘खडॅक खडॅक’. कडेला सिमेंट भरून ते बसवल्यावर रात्रीचे निम्मे दचके गेले. ऊस हंगामात रिकाम्या डबल ट्रॉल्या स्पीडब्रेकरवर आपटतात, साखळ्या खुळखुळतात, वर ट्रॅक्टरचा टेप. घरासमोर नियमात न बसणारा उंचवटा असेल तर तो काढून घ्या किंवा उतार नीट करून घ्या. युरोपात आवाज शोषणारं डांबर वापरतात, पण त्याचा फायदा टायरच्या आवाजाला, म्हणजे वेगाच्या रस्त्यावर. आपल्या चौकांत गाड्या रांगतात, तिथे इंजिन आणि हॉर्नच ऐकू येतो.

मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची युक्ती केली होती. २०२० च्या जानेवारीत तो व्हिडिओ फिरला. आपल्या सात रस्ता चौकात हे केलं तर मागचे लोक चिडून दुप्पट वाजवतील, असं मला वाटतं. त्यापेक्षा कायदा वापरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ प्रमाणे विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरू शकतो, जवळ असं काही आहे का बघा. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते, म्हणजे रहिवासी भागात दिवसा ६५, रात्री ५५ पासून. अर्जात ‘फार त्रास होतो’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, पंधरा मिनिटांची सरासरी, त्यातला सर्वांत मोठा आकडा आणि हॉर्न किती वाजले, असा आठवड्याचा तक्ता जोडा. झाकणाचा किंवा स्पीडब्रेकरचा अर्ज महापालिकेला वेगळा, हॉर्न-सायलेन्सरचा वाहतूक शाखेला वेगळा. एकत्र दिलात तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.