मेटाक्सा पहिल्यांदा चाखताना

मेटाक्सा हे ग्रीसचं ब्रँडीच्या जातीचं पेय. ते चाखताना कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, फूटपट्टी आधी बाजूला ठेवा. ‘गोड लागते म्हणजे कमअस्सल’ हा नवशिक्यांचा ठरलेला निकाल, आणि तो चुकीचा आहे. स्पिरोस मेटाक्सा यांनी १८८८ साली सुरू केलेल्या या पेयात द्राक्षमद्याच्या ऊर्ध्वपातित अर्काबरोबर मस्कट या सुवासिक द्राक्षांची गोड वाइन आणि गुलाबपाकळ्यांसह काही वनस्पतींचा अर्क मुद्दाम मिसळतात. गोडवा तिथूनच येतो.

मेटाक्साच्या बाटल्यांची प्रत ताऱ्यांनी दाखवतात. सुरुवात सात तारेवालीने करा. पाच तारेवाली कॉकटेलला बरी. त्यावरच्या महागड्या बाटल्या सध्या विसरा.

तोंडाशी निमुळता ग्लास, २० ते २५ मिली, बर्फ नाही. थंडीने वास दबतो आणि नुसती साखर जाणवते. दहा मिनिटं तसाच ठेवा. मग ओठ किंचित उघडे ठेवून ग्लासच्या कडेवरून वास घ्या. नाक आत खुपसलंत तर ४० टक्के अल्कोहोल झोंबेल आणि पुढचं काहीच कळणार नाही. मनुका, सुकं जर्दाळू, गुलाब, ओकचं लाकूड शोधा.

पहिला घोट फक्त जिभेला सरावण्यासाठी. मत दुसऱ्या घोटावर, तेही गिळल्यानंतर:

- गोडव्यामागून लाकडाचा तुरटपणा आणि मसाल्याची ऊब आली, तर समतोल चांगला.
- फक्त पाकासारखा चिकटपणा उरला, तर गुण कापा.

नंतर चार-पाच थेंब पाणी घालून पुन्हा चाखा. रंगावरून वय मात्र ठरवू नका. ब्रँडीत रंगासाठी कॅरॅमल चालतं. आणि चाखण्याआधी मिठाई नको, झणझणीत रस्सा तर नकोच.