पीजीटी-ए (गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी) केलेला भ्रूण नॉर्मल होता, आता आयव्हीएफच्या गरोदरपणात एनआयपीटी (आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी) करायचीही गरज आहे का?

हो, करून घेणं बरं. पीजीटी-ए नॉर्मल आली म्हणून एनआयपीटी वायफळ ठरत नाही. पीजीटी-एसाठी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या (ज्याची पुढे वार होते) मोजक्याच पेशी काढतात, त्यावरून अख्ख्या भ्रूणाची हमी कोणी देऊ शकत नाही. एनआयपीटीत 10 आठवड्यांनंतर आईच्या रक्तात उतरलेला वारेचा डीएनए तपासतात. डाउन सिंड्रोमसाठीच्या चाळणी चाचण्यांत ती सर्वांत भरवशाची. पाचव्या दिवसाचा भ्रूण सोडला असेल तर ट्रान्सफरनंतर 51 व्या दिवशी गरोदरपणाचे (पाळीपासून मोजतात तसे) 10 आठवडे भरतात. घाईने रक्त देऊ नका.

फॉर्म भरताना दोन गोष्टी हमखास राहतात, त्या लॅबला स्वतःहून सांगा:

- स्त्रीबीज कोणाचं आणि ते काढलं तेव्हाचं वय. भ्रूण गोठवलेला असेल तर तुमचं आजचं वय चालत नाही. दात्याचं बीज असेल तर दात्याचं वय लागतं, आणि काही चाचण्यांची पद्धतही बदलते.
- दोन भ्रूण सोडून एक विरून गेला असेल तर तेही. त्याचा डीएनए कित्येक आठवडे रक्तात राहून रिपोर्ट चुकवू शकतो.

मात्र एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नव्हे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी करून खात्री केल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका. आयव्हीएफमध्ये वारेचा डीएनए कधी कमी भरतो आणि ‘निकाल नाही’ असं येतं. तेव्हा बहुधा पुन्हा रक्त घेतात.