गेममध्ये लाच घेतली, तर?

प्रश्न : माझा मुलगा कंपन्यांच्या भ्रष्टाचारावरचे उपहासात्मक रोल-प्लेइंग गेम खेळतो. त्यात लाच घेता येते, बिलं फुगवता येतात. तो तेच शिकेल का?

उत्तर : ताई, मी बारा वर्षं हिशेब खात्यात काढली. कधीच न आलेल्या मालाच्या बिलावर वरिष्ठांनी माझी सही मागितली आणि मी ती केली. ती सही अजून टोचते. म्हणूनच हे गेम मला महत्त्वाचे वाटतात. सिनेमात लाच दुसरा कुणीतरी घेतो. इथे बटण आपणच दाबतो.

२०२२ चा ‘सिटिझन स्लीपर’ हा गेम घ्या. (त्यात उपहासापेक्षा वेदना जास्त आहे, पण विषय हाच.) नायकाचं शरीरच कंपनीच्या मालकीचं आहे. ते झिजत जाईल असंच घडवलंय आणि टिकवायला लागणारं औषध कंपनीच्या हातात, म्हणजे कुणी पळून जाऊ नये. रोज जास्तीत जास्त ५ फासे मिळतात, प्रत्येक कामाला एक. प्रकृती ढासळली की फासेही घटतात. उरलेल्या दोन फाशांत औषधासाठी राबायचं की पोटासाठी, हे ठरवताना माझा घसा दाटून आला होता. कर्जात अडकलेल्या माणसाची कोंडी मला इतकी जवळून कधीच कळली नव्हती.

गेम बंद करायला लावू नका. एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा. त्याने लाच घेतली, तर रागावू नका. ते पैसे कुणाच्या खिशातून गेले, एवढंच विचारा.